ध्रुवीय टेकड्यांची नावे आणि नकाशाची भाषा

स्थलनामांचा अभ्यास आपल्याकडे मुख्यतः व्युत्पत्तीच्या अंगाने होत आला आहे. गावाच्या नावातील पूर्वपद कोणते, उत्तरपद कोणते, त्यामागे वृक्ष आहे की देवता, कुळ आहे की व्यवसाय, हे प्रश्न आपण विचारतो आणि त्यांची उत्तरे लोकांच्या बोलीत, ताम्रपटांत व बखरींत शोधतो. ह्या पद्धतीच्या मुळाशी एक गृहीत आहे. ते असे की, नाव देणारा समाज त्या जागी राहत होता आणि नकाशा करणारा त्याच्यानंतर आला. परंतु जेथे मनुष्यवस्ती कधीच नव्हती, तेथे नकाशा आधी आणि बोलणारे नंतर असा उलटा क्रम असतो. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरील हिममुक्त टेकड्या हे त्याचे ठळक उदाहरण होय. ह्या टेकड्यांपैकी काहींवर आज भारताची संशोधनकेंद्रे आहेत आणि त्यांची नावे मराठी पाठ्यपुस्तकांत व वर्तमानपत्रांत येऊ लागली आहेत. ही नावे कशी घडली व मराठीत ती कशी लिहावीत, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आरंभ मात्र आपल्या परिसरापासूनच केला पाहिजे. कारण भारताच्या शास्त्रीय नकाशाचा एक महत्त्वाचा धागा वर्धा जिल्ह्यात येऊन थांबलेला आहे.

१. मोजणारा आणि सांगणारा

विल्यम लॅम्टन ह्या अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासनजीक सेंट थॉमस माउंटजवळ पायारेषा मोजली आणि दक्षिणोत्तर त्रिकोणांची साखळी उभारण्यास प्रारंभ केला. पूर्व रेखांश ७८ अंशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत गेलेल्या ह्या कामाला १८१८ साली महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण असे नाव मिळाले. हैदराबादेहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी लॅम्टन हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. त्याचे काम त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट ह्याने पुढे नेले.

त्रिकोणमितीच्या दृष्टीने एखादी टेकडी म्हणजे केवळ एक बिंदू. तिचे अक्षांश, रेखांश व उंची कळली की तिचे काम संपते. तथापि मोजणीच्या वहीत त्या बिंदूस काहीतरी म्हणावेच लागते, आणि ते म्हणण्यासाठी मोजणी करणारा तेथील माणसाकडे वळतो. वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागातील डोंगरांपैकी मालेगाव, नांदगाव आणि गरमसूर ही शिखरे जुन्या भौगोलिक वर्णनांत विशेषेकरून उल्लेखिलेली आढळतात. ह्यांपैकी पहिली दोन तर उघड गावांचीच नावे आहेत. शेतकऱ्याला आपल्या शिवारातील टेकडी 'टेकडी' एवढ्याच नावाने पुरते; तिला विशेषनाम लागते ते परक्याला. तो परका विचारतो तेव्हा उत्तर मिळते ते पायथ्याच्या गावाचे. म्हणजे वस्तीच्या प्रदेशातही नकाशा केवळ नाव उतरवून घेतो असे नाही. पुष्कळदा तो प्रश्न विचारून नाव निर्माण करतो. मात्र त्याची सामग्री लोकांच्या तोंडची असते.

ही सामग्री परकीय लिपीत उतरताना काय होते, हेही पाहण्याजोगे आहे. लॅम्टनच्या साखळीतील वऱ्हाडचे एक प्रमुख ठाणे टाकळखेडा हे होय. इंग्रजी अहवालांत ह्याचे उत्तरपद 'खेरा' असे आले आहे. दोन स्वरांमधील ड-चा उच्चार जिभेच्या झटक्याने होतो. इंग्रज कानाला तो र-च्या जवळचा वाटला आणि त्याने रोमन लिपीतील 'आर्' हे अक्षर वापरले. 'वर्धा' ह्या नावातील पहिल्या अकारासाठी जुन्या नकाशांत 'यू' हे अक्षर येई. १८७२ साली मान्य झालेल्या हंटर ह्याच्या पद्धतीने तेथे 'ए' आणला. त्या पद्धतीत आकारावर चिन्ह देण्याची सोय आहे. पण नकाशांवर हे चिन्ह बहुधा गळते आणि मग 'वर्धा' की 'वार्धा' हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते. ठाऊक असणारे लाखो लोक येथे राहतात, म्हणून हा दोष चालून जातो. नकाशा चुकला तरी लोकांचा उच्चार नाव सांभाळतो.

ह्या सांभाळण्याला मर्यादा आहेत, हेही मान्य केले पाहिजे. १८६२ साली जिल्हा निर्माण झाला तेव्हा त्याला नदीचे नाव मिळाले. पुढे १८६६ साली पालकवाडी ह्या खेड्याच्या जागी नवे शहर वसविण्यात आले, तेव्हा त्यालाही तेच नाव दिले गेले. पालकवाडी हे नाव व्यवहारातून गेले. याहून बोधप्रद उदाहरण सेवाग्रामचे आहे. गांधीजी १९३६ साली ज्या गावी राहावयास आले ते सेगाव. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तर सर्वपरिचित. ए-काराच्या आधी श आणि स ह्यांची अदलाबदल मराठी बोलींत नित्याची असल्याने टपालाचा घोटाळा होऊ लागला आणि १९४० साली सेगावचे सेवाग्राम झाले. नव्या नावात जुन्याचे पहिले अक्षर कायम आहे. 'गाव' ह्या तद्भवाच्या जागी त्याचेच तत्सम रूप 'ग्राम' आले आहे. नाव बदलले, परंतु जुन्या नावाशी असलेला त्याचा ध्वनिसंबंध तुटला नाही. हे नाव रूढ झाले ते केवळ ठरविले म्हणून नव्हे, तर त्या पत्त्यावर पत्रे लिहिणारी माणसे देशभर होती म्हणून. ही गोष्ट पुढील विवेचनात आपल्याला उपयोगी पडणार आहे.

२. एक अपवाद आणि त्यावरील आक्षेप

स्थानिक नाव शोधून तेच नकाशावर घ्यावे, हे सर्वेक्षण खात्याचे सर्वसामान्य धोरण होते. त्याचा सर्वांत प्रसिद्ध अपवाद म्हणजे हिमालयातील पंधरा क्रमांकाचे शिखर. ते जगातील सर्वोच्च ठरल्यावर अँड्र्यू वॉ ह्याने १८५६ साली त्याला आपल्या पूर्वाधिकाऱ्याचे, म्हणजे एव्हरेस्टचे नाव सुचविले. निश्चित असे स्थानिक नाव सापडत नाही, हे त्याने दिलेले कारण होते. ह्या सूचनेवर स्वतः एव्हरेस्टने १८५७ साली आक्षेप घेतला. आपले नाव फारसी वा हिंदीत लिहिता येणार नाही आणि ह्या देशातील लोकांना ते उच्चारता येणार नाही, असा त्याचा मुद्दा होता. तरीही १८६५ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने ते नाव स्वीकारले.

आक्षेप भाषाशास्त्रीय होता आणि काही अंशी तो खरा ठरला. एव्हरेस्टच्या घराण्यात ह्या नावाचा उच्चार दीर्घ ईकाराने होत असे. जगाने आज त्याला दुसराच उच्चार दिला आहे. मराठीत 'एव्हरेस्ट' हे रूप कायम झाले आणि कोणालाही ते खटकत नाही. तिबेटी भाषेत चोमोलुंग्मा हे नाव होतेच, आणि नेपाळात विसाव्या शतकात सागरमाथा हे नाव पुढे आले. एका शिखराची ही तीन नावे तीन प्रकारच्या अधिकारांतून आली आहेत: वस्तीच्या, राष्ट्राच्या आणि मोजणीच्या. ध्रुवीय प्रदेशात यांपैकी पहिला अधिकार मुळातच नाही.

३. लार्सेमान टेकड्या

लॅम्टनची रेषा उलट दिशेने, म्हणजे दक्षिणेकडे, हिंदी महासागर ओलांडून वाढविली तर ती अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला वेस्टफोल्ड टेकड्यांपाशी मिळते. तेथून किंचित पश्चिमेस, सुमारे ७६ अंश पूर्व रेखांशावर आणि ६९ अंशांहून थोड्या अधिक दक्षिण अक्षांशावर, लार्सेमान टेकड्या आहेत. सुमारे चाळीस चौरस किलोमीटरांचा हा उघडा खडकाळ प्रदेश दीडशेच्या आसपास तळ्यांनी भरलेला असून त्यातील उंचात उंच जागा समुद्रसपाटीपासून १८० मीटरांच्या सुमारास आहे. वर्धा शहर ज्या सपाटीवर वसले आहे ती ह्याहून उंच आहे. म्हणून येथे 'पर्वत' किंवा 'डोंगर' न म्हणता 'टेकड्या' म्हणणे हेच युक्त होय.

१९३५ साली क्लारिउस मिक्केल्सेन हा नॉर्वेजियन कप्तान ह्या किनाऱ्यावर आला. देवमासेमारीच्या धंद्यातील धनिक लार्स क्रिस्टेन्सेन ह्याच्या मोहिमांतील हा कप्तान होता. टेकड्यांना मिळालेले नाव क्रिस्टेन्सेनच्या धाकट्या लार्स नावाच्या मुलावरून आले. 'लार्सेमान' हे 'लार्स' ह्या नावाचे घरगुती, लाडाचे रूप आहे. आपल्याकडे विठ्ठलाचा विठू व्हावा तसे. सभोवतीच्या नावांचा पट पाहिला म्हणजे एका गावाचे कौटुंबिक व व्यापारी जगच तेथे उतरलेले दिसते. किनाऱ्याला क्रिस्टेन्सेनच्या पत्नीचे, इंग्रिडचे, नाव आहे. प्रिड्झ उपसागराला सांडेफ्योर येथील देवमासेमारांच्या विमासंस्थेच्या व्यवस्थापकाचे नाव आहे. वेस्टफोल्ड हे तर त्या सांडेफ्योरच्या भोवतालच्या नॉर्वेतील प्रांताचे नाव.

ह्या नामकरणात दुसरा एक थर आहे आणि भाषाभ्यासकाला तो अधिक रोचक वाटेल. १९३६-३७ च्या मोहिमेत विमानातून किनाऱ्याची छायाचित्रे घेण्यात आली. त्यांवरून नॉर्वेतील नकाशाकारांनी नकाशे तयार केले आणि छायाचित्रांत दिसणाऱ्या आकारांना नावे दिली. टेकड्यांच्या पश्चिम बाजूच्या मोठ्या भूशिराला त्यांनी 'स्टूर्नेस' म्हटले. नॉर्वेजियन भाषेत 'स्टूर' म्हणजे मोठा आणि 'नेस' म्हणजे भूशिर. ब्रोकनेस आणि ग्रोव्हनेस ह्या नावांचीही घडण तीच. आपल्याकडे वाट चुकू नये म्हणून गुराखी 'मोठा नाला', 'काळी टेकडी' अशी जी वर्णनात्मक नावे देतो, तशीच ही नावे रचनेने आहेत. फरक एवढाच की, ती देणाऱ्याने त्या खडकावर पाऊल ठेवलेले नव्हते. ते नाव दृष्टीतून आले, पण दृष्टी छायाचित्रावर होती. नामकरणाची जी प्रक्रिया वस्तीच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या चालते, ती येथे मेजावर काही दिवसांत उरकली गेली.

४. भारतीय नावे

भारताची पहिली मोहीम १९८१-८२ साली डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखाली गेली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. पहिले केंद्र दक्षिण गंगोत्री. ते १९८४ साली सिद्ध झाले आणि हिमाखाली दबत गेल्यामुळे १९९० साली सोडून द्यावे लागले. दुसरे केंद्र मैत्री १९८९ पासून शिर्माखर ह्या हिममुक्त प्रदेशात आहे. तो प्रदेश १९३८-३९ च्या जर्मन मोहिमेतील शिर्माखर नावाच्या वैमानिकाने पाहिला, म्हणून त्याचे ते नाव. तिसरे केंद्र भारती २०१२ साली लार्सेमान टेकड्यांत, ग्रोव्हनेस भूशिरावर उभे राहिले. मैत्रीपासून ते सुमारे तीन हजार किलोमीटर पूर्वेस आहे.

ह्या तीन नावांच्या घडणीत तीन वेगवेगळ्या रीती आहेत. 'दक्षिण गंगोत्री' हे स्थलांतरित नाव होय. ते वेस्टफोल्डसारखेच मायदेशातून नेलेले आहे, परंतु त्यामागील रीत आपल्या परंपरेतील आहे. गोदावरीला दक्षिण गंगा आणि पैठणला दक्षिण काशी म्हणणाऱ्या समाजाला ह्या नावातील 'दक्षिण' हे पद केवळ दिशा सांगत नाही. मूळ पवित्र स्थळाचे हे दुसरे रूप आहे, असे ते सुचविते. त्यात गंगोत्री म्हणजे हिमनदीच्या मुखाशी असलेले उगमस्थान. त्यामुळे नाव अर्थानेही चपखल बसते. 'मैत्री' हे भाववाचक नाव आहे. त्यात स्थळाचे वर्णन नाही, संकल्प आहे. 'भारती' हे नाव देशाचे आहे, परंतु संस्कृतात त्याचा वाणी असाही अर्थ आहे, हे भाषेच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. चौथी रीत स्मरणनामाची. मैत्रीजवळच्या तळ्याला आपल्याकडे प्रियदर्शिनी म्हणतात. ते इंदिरा गांधींच्या नावावरून आले, हे उघड आहे.

ही सर्व नावे नॉर्वेजियन नावांहून एका बाबतीत भिन्न आहेत. ती बहुतेक केंद्रांची, म्हणजे मनुष्यकृत वास्तूंची आहेत. टेकड्या, भूशिरे व उपसागर ह्यांची नावे आम्हांला आयती मिळाली. दक्षिण गंगोत्रीने मात्र ही सीमा ओलांडली. केंद्र गेले तरी नाव उरले आणि ते तेथील एका हिमनदीला लागले. ही हिमनदी २००५ पासून अंटार्क्टिक करारव्यवस्थेखालील विशेष संरक्षित क्षेत्रांच्या यादीत त्याच नावाने आहे. वास्तूचे नाव भूरूपाला मिळणे ही प्रक्रिया आपल्या परिचयाची आहे. मालेगाव गावाचे नाव डोंगराला लागले त्याच जातीची ती आहे.

५. एक स्थळ, अनेक नावे

प्रियदर्शिनी तळ्याचे रशियन नाव 'झुब' असे आहे. रशियनमध्ये 'झुब' म्हणजे दात, आणि गंमत अशी की हा शब्द संस्कृत 'जम्भ' ह्या दंतवाचक शब्दाचा सगोत्र आहे. एकाच पाण्याला दोन राष्ट्रांनी दिलेल्या दोन नावांत असा काही योग यावा हा निव्वळ योगायोग. परंतु एका स्थळाला अनेक नावे असणे हा अंटार्क्टिकातील योगायोग नव्हे, तो तेथील नियम आहे. लार्सेमान टेकड्यांत १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलिया, सोव्हिएत संघ व चीन ह्यांची केंद्रे आली, आणि प्रत्येक देशाच्या नकाशांनी आपापल्या भाषेतील नावांची भर घातली.

ह्याचे कारण राजकीय आहे. नाव देणे ही मालकीची खूण मानली जात असे. १९५९ साली सह्या झालेल्या व १९६१ साली अमलात आलेल्या अंटार्क्टिक कराराच्या चौथ्या कलमाने प्रादेशिक दाव्यांचा प्रश्न गोठविला. करार चालू असता केलेल्या कोणत्याही कृतीने नवा दावा निर्माण होत नाही. भारत ह्या करारात १९८३ साली सामील झाला. त्यामुळे नामकरणातील स्वामित्वाचा दंश निघाला, परंतु नाव ठरविणारी एकच सर्वमान्य सत्ता मात्र निर्माण झाली नाही. प्रत्येक देश आपली नावे आपण ठरवितो. १९९२ पासून अंटार्क्टिक संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समितीने ह्या सर्व राष्ट्रीय सूचींची एक संयुक्त सूची चालविली आहे. तीत एकही नाव रद्द केले जात नाही; एका भूरूपापुढे त्याची सर्व नावे नोंदली जातात. साहजिकच नावांची संख्या भूरूपांच्या संख्येहून पुष्कळ मोठी आहे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही तडजोड शहाणपणाची आहे, पण तिच्यात एक धोका आहे. सेगाव आणि शेगाव ह्यांच्या घोटाळ्यात फार तर पत्र उशिरा पोचे. हिमवादळात अडकलेल्या तुकडीने बिनतारी यंत्रावरून आपल्या जागेचे नाव सांगितले आणि ऐकणाऱ्याच्या नकाशावर त्या जागेला दुसरेच नाव असले, तर त्याची किंमत वेगळी असेल. म्हणूनच संयुक्त सूचीत नावापेक्षा अक्षांश-रेखांश हाच खरा आधार ठरतो. लॅम्टनचा बिंदू येथे पुन्हा नावाच्या पुढे उभा राहतो.

६. मराठीत लिहावे कसे

आता आपल्या कर्तव्याकडे वळू. ही नावे मराठीत येतात ती बहुतांशी इंग्रजी वृत्तांतांतून, आणि येताना इंग्रजी अक्षरांचा उच्चार बरोबर घेऊन येतात. प्रस्तुत लेखकाच्या मते पुढील तीन सूत्रे पाळल्यास बराच घोटाळा टळेल.

पहिले सूत्र असे की, लेखन मूळ भाषेच्या उच्चाराला धरून असावे, रोमन अक्षरांना धरून नव्हे. 'लार्समन' हे रूप इंग्रजी वाचनातून येते. नॉर्वेजियनमध्ये मधला एकार उच्चारला जातो, म्हणून 'लार्सेमान' हे तीन अक्षरांचे रूप योग्य. शेवटच्या पदातील स्वर ऱ्हस्व पण विवृत आहे. मराठीत ऱ्हस्व आकार नसल्याने तेथे अकारापेक्षा आकार अधिक जवळचा. चीनच्या तेथील केंद्राचे नाव आपल्याकडे 'झोंगशान' असे लिहिले जाते. रोमन लिपीतील 'झेड्-एच्' ही जोडी पाहून हा झ आला. मूळ उच्चार अघोष व अल्पप्राण असून आपल्या च-च्या जवळचा आहे. म्हणून 'चुंगशान' हे रूप बरे. सन यत्-सेन ह्यांचे चिनी लोकांत रूढ असलेले हे नाव आहे, हेही त्यामुळे ध्यानात राहील.

दुसरे सूत्र नावातील जातिवाचक घटकासंबंधी. तो सुटा असेल तर त्याचे भाषांतर करावे: टेकड्या, उपसागर, किनारा. तो विशेषनामात मुरलेला असेल तर त्याला हात लावू नये आणि गरजेप्रमाणे मराठी जातिवाचक शब्द पुढे जोडावा. 'स्टूर्नेस भूशिर' म्हणण्यात द्विरुक्ती होते हे खरे. पण आपण 'विंध्याचल पर्वत' म्हणतो तेव्हा तरी दुसरे काय करतो? 'अचल' म्हणजे पर्वत हे बोलणाऱ्याच्या मनात जागे नसते. जो घटक परभाषेत निरर्थक झाला, त्याच्या अर्थाची पुनरुक्ती हा दोष नव्हे.

तिसरे सूत्र पर्यायी नावांचे. जेथे भारतीय नाव आहे तेथे ते प्रथम द्यावे, पण दुसरे गाळू नये. 'प्रियदर्शिनी तळे, अर्थात झुब' असे लिहिल्याने आपल्या नावाचा मान कमी होत नाही, आणि विद्यार्थ्याला कोणताही नकाशा वाचता येतो.

ही सूत्रे आज ठरविणे सोपे आहे. ह्या शब्दांचा मराठीतील वापर अजून थोडा असून रूपे घट्ट झालेली नाहीत. 'एव्हरेस्ट'च्या बाबतीत आता कोणी काही म्हणू शकत नाही. 'लार्सेमान'च्या बाबतीत अजून म्हणता येते.

७. उपसंहार

नकाशा नाव छापू शकतो, परंतु त्याला जिवंत ठेवू शकत नाही. ते काम त्याचा उच्चार करणारे, त्यावर पत्ता लिहिणारे आणि ते शिकविणारे लोक करतात. पालकवाडीचे नाव गेले ते नकाशाने पुसल्यामुळे नव्हे, तर वापरणारे उरले नाहीत म्हणून. आणि सेवाग्राम रुजले ते वापरणारे मिळाले म्हणून. अंटार्क्टिकातील टेकड्यांना जन्मतः भाषिक समाज नाही. त्यांचा समाज दूरवर आहे आणि तो नकाशा, ग्रंथ व टपाल ह्यांच्या द्वारेच त्यांच्याशी जोडलेला आहे. दक्षिण गंगोत्री येथे १९८४ साली भारतीय टपालघर उघडले, ते गोव्याच्या टपालविभागाशी जोडलेले होते; १९९० पासून ते मैत्री येथे गेले. ५ एप्रिल २०२४ रोजी भारती येथेही टपालघर सुरू झाले. ते महाराष्ट्र टपाल परिमंडळाच्या कक्षेत असून त्याला प्रायोगिक म्हणून जो सांकेतिक क्रमांक मिळाला, त्याच्या आरंभी महाराष्ट्राची दोन आद्याक्षरे आहेत. टपालाच्या हिशेबी लार्सेमान टेकड्यांतील तो पत्ता आपल्याच परिमंडळातील एक पत्ता झाला आहे. तो मराठीत नीट लिहिता येणे, एवढी अपेक्षा आपण आपल्या भाषेकडून केली तर ती फार होणार नाही.